देवाच्या टोपलीतली दोन पानं

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. सागाच्या दोन जाळीदार फळ्या, मधे रद्दीचे कागद आणि आवळायला दोन पट्टे, एवढाच माझा संसार. रानातली झाडं माझ्यात दाबून सुकवायची. मुरबाडच्या सुताराने मला घडवलं आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या महिपत सरांनी मला खांद्यावर घेतलं. काय तो माझा थाट! टोकावड्याच्या एसटीत सर उभे असले तरी मला सीट मिळायची.

१९९४ च्या पावसाळ्यात आम्ही डोंगरातल्या एका पाड्यावर गेलो. तिथली लहानी नावाची बाई सरांना रानभाज्या दाखवायची. तिने कोळूच्या भाजीच्या दोन जुड्या पुढे ठेवल्या, फुलांसकट. एक ओढ्याकाठची, दुसरी वरच्या कातळावरची.

"सर, ह्या दोन येक नाय," ती म्हणाली. "कातलावरची शिजाया येल घेते. चवबी येगली."

सरांनी फुलं निरखली, पुस्तक चाळलं. "लहानीबाई, फूल सारखं म्हणजे झाड एकच."

"तुमी फूल बगता, आमी खातो," लहानी हसली.

सरही हसले आणि दोन्ही जुड्या एकाच नावाखाली माझ्यात ठेवल्या. बुरशी लागू नये म्हणून कागद फॉर्मॅलिनमध्ये भिजवायची त्यांची रीत. मीही पट्टे आवळून गप्प बसले.

तीन वर्षांनी कातळावर दगडखाण काढायचं ठरलं. तिथे जपण्यासारखं काही आहे का, अशी सरांकडे विचारणा झाली. सरांनी लिहून दिलं, 'विशेष काही नाही. सगळीकडे मिळणारी झाडं.' सर खोटं बोलणारे नव्हते हो! त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. पुढच्या उन्हाळ्यात सुरुंग लागले.

माझी रवानगी कपाटावर झाली. वाळवीने एक कोपरा खाल्ला, पण कुणाला त्याचं काय! थेट २००७ साली सरांची जुनी विद्यार्थिनी दिपिका आली. ती आता पानातला डीएनए वाचून झाडं ओळखायची. दिसायला सारखी झाडंही त्यात वेगळी निघतात म्हणे. ते ऐकलं आणि सरांचा चेहरा उतरला. त्यांनी लगबगीने मला खाली काढलं. ओढ्याकाठची ताजी पानं मिळण्यासारखी होती, कातळावरची मात्र फक्त माझ्यात होती. दिपिकाने त्यातला तुकडा नेला.

"सर, फॉर्मॅलिनने पान टिकलं, पण आतला डीएनए तुटला," महिन्याने ती म्हणाली. "काहीच वाचता येत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं जपलं ते काय, नुसतं टरफल!

सर तिला घेऊन पाड्यावर गेले, मलाही काखेत मारलं. लहानी थकली होती. कातळावरची भाजी कुठे उरलीय का, सरांनी विचारलं.

"कातलच नाय, तं भाजी कुठची?" ती म्हणाली. मग काहीतरी आठवून आत गेली.

तिच्या घरी नवी भाजी देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. पहिली जुडी देवाच्या टोपलीतल्या तांदळात खोचतात आणि ती कुणी काढत नाही. खाणीआधीची कातळावरची शेवटची जुडी अजून तिथे होती. लहानीने हात जोडले, देवाची माफी मागितली आणि दोन पानं दिपिकाच्या हातावर ठेवली. कोरड्या तांदळाने त्यांची सगळी ओल शोषून घेतली होती.

त्या पानांचा डीएनए वाचता आला. झाडं दोन होती.

सर स्वतः पाड्यावर सांगायला गेले. "लहानीबाई, तुमचं खरं होतं. मी चुकलो."

लहानीचा चेहरा उजळला. "मंग गावली का ती? कुठं गावली? दहा वरसं देवाला दावली नाय."

सरांनी मान खाली घातली. भाजी गेली ती गेलीच, हे तिला हळूहळू उमगलं, आणि ती आत गेली.

मित्रांनो, माझ्यातल्या त्या कागदावर सरांनी जुनं नाव खोडून लिहिलंय, 'लहानीने सांगितलं होतं.' तुमच्या गावात कुणी रोजच्या हाताळणीतून म्हणालं, 'ही येगली हाय', तर पुस्तक जरा मिटा आणि ऐका. झाड उभं आहे तोवर ऐका.