पिवळ्या दिव्याचं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे घासू म्हणत. शाळेत हे नाव पुस्तकं पाठ करणाऱ्या मुलांना मिळतं. तिला ते काचेची भांडी घासण्यावरून मिळालं होतं. तिने धुतलेल्या बाटलीत पाण्याचा थेंब अडकून राहत नसे, अखंड पातळ थर होऊन खाली उतरत असे.

तिचं काम सांगायला सोपं होतं. काचेच्या भांड्याच्या तळाशी सोन्याचा छोटा पत्रा ठेवायचा, वर बोटभर पाणी घालायचं आणि त्या पाण्यातून लेसरचे ठोके पत्र्यावर सोडायचे. प्रत्येक ठोक्याला टिक आवाज होतो, सोन्याचा इवलासा भाग पेटून उडतो, त्याभोवती बुडबुडा फुगतो आणि पापणी लवायच्या आत मिटतो. त्या बुडबुड्याच्या पोटात सोन्याचे इतके बारीक कण तयार होतात की ते पाण्यात तरंगत राहतात आणि पाणी लाल दिसतं. कण एकमेकांना चिकटले की लाल रंग जांभळा होतो, मग निळसर राखाडी, आणि शेवटी तळाशी काळा गाळ उरतो. गाळ पुन्हा लाल होत नाही.

कण सुटे राहावेत म्हणून इतर लोक पाण्यात काही ना काही रसायन घालत. घासूने काहीच घातलं नव्हतं, तरी तिचं पाणी महिनोन्महिने लाल राहिलं. तिच्या मार्गदर्शक सरांनी परिषदांमध्ये एक वाक्य सांगून सांगून गुळगुळीत केलं होतं: "शुद्ध पाणी, दुसरं काही नाही." तिच्या प्रबंधाचं नावही 'शुद्ध' याच शब्दाने सुरू होत होतं.

मग दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेने कळवलं की त्यांनी हाच प्रयोग जसाच्या तसा केला, पण त्यांचं पाणी संध्याकाळपर्यंत निळं पडतं. प्रबंधाच्या परीक्षकांनी हे वाचलं आणि निर्णय थांबवला. आधी तुम्ही स्वतः पुन्हा करून दाखवा, म्हणाले.

"त्यांना भांडी धुता येत नसतील," सर हसून म्हणाले. "कर पुन्हा. तुझ्या हातचा मळ आहे."

या वेळी कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, असं घासूने ठरवलं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर फिल्टर बदलण्याची खूण म्हणून पिवळा दिवा कधीपासून लागलेला होता. शुद्धतेचा आकडा ठीक दिसत होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. एका वात्रटाने तर दिव्याभोवती हसऱ्या चेहऱ्याचा कागद चिकटवला होता. घासूने कार्यालयाच्या मागे लागून नवा फिल्टर बसवून घेतला. दिवा हिरवा झाला. कागद तिने खरवडून काढला.

लेसर चालू असताना नारिंगी चष्मा घालावा लागतो आणि त्यातून लाल रंग ओळखू येत नाही. तिने लेसर बंद केला, चष्मा काढला. पाणी लाल होतं. जेवून परत आली तर ते जांभळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी राखाडी.

तिने भांडी पुन्हा धुतली. नवा पत्रा आणला. लेसरचा झोत पुन्हा नेमका बसवला. चष्मा काढायचा, लाल बघायचं, आणि मग बाटलीसमोर बसून तो लाल जाताना बघायचं, याखेरीज तिच्या हाती काही राहिलं नाही. ढवळून, थंड करून, अंधारात ठेवून, कशानेच तो थांबत नव्हता.

घरी जेवताना धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तू सोन्याला इतकी पाण्यात पाहतेस, ते बिचारं टिकेल कसं?"

"गप रे," आई म्हणाली. "तिचा चेहरा बघ जरा." मग तिच्याकडे वळून, "पण मधल्या काळात बदललं काय गं?"

"काही नाही. उलट सगळं जास्तच स्वच्छ केलंय. पाणीसुद्धा..."

घास तिच्या हातातच राहिला.

सकाळी तिने सरांना सांगितलं. जुना फिल्टर थकला होता. त्यातून कसले तरी क्षार अगदी किंचित झिरपत असणार. तेवढेच कणांना एकमेकांपासून दूर ठेवत असणार.

"म्हणजे आपलं शुद्ध पाणी..."

"शुद्ध नव्हतं, सर."

फिल्टर बसवून गेलेल्या माणसाला तिने फोन केला.

"जुना? तो त्याच आठवड्यात भट्टीत गेला, मॅडम. कोण जपून ठेवतंय?"

मग तिने नव्या पाण्यात वेगवेगळे क्षार घालून पाहिले. एकाने दिवस निघाला, दुसऱ्याने आठवडा. जास्त घातले तर पाणी समोरच काळवंडे. महिनोन्महिने काही टिकेना.

जुन्या पाण्याची एकच बाटली उरली होती. ती सरांच्या टेबलावर असे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती उजेडात धरून दाखवत. तळाशी थोडंसंच होतं, पण अजून लाल. त्यात काय आहे ते शोधायचं तर ते ज्योतीत फवारून जाळावं लागणार होतं, आणि इतक्या कमी पाण्यातलं काही मागे ठेवता येणार नव्हतं.

"ही गेली तर आपण खोटं बोलत नव्हतो याचा पुरावाच राहणार नाही," सर म्हणाले.

"ठेवली तर उत्तर मिळणार नाही."

सरांनी बाटली तिच्या हातात दिली आणि खिडकीकडे तोंड केलं.

तपासणी करणाऱ्या बाईंनी दोन दिवसांनी तिला बोलावलं. "सोडियम भरपूर आहे. बोरॉन आहे, सिलिका आहे."

"बोरॉन कुठून आलं?"

"काचेतून. इतके महिने पाणी काचेत राहिलं की काच थोडी थोडी पाण्यात उतरते. आता यातलं फिल्टरचं किती आणि बाटलीचं किती, ते मी नाही सांगू शकत."

"अंदाजे तरी?"

"अंदाज तर तुमच्याकडेही आहेच की."

"थोडं उरलंय का?"

"नाही हो. सगळंच लागलं."

सरांच्या खोलीत संगणकावर प्रबंधाचं पहिलं पान उघडं होतं. सरांनी आधी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला.

"'शुद्ध' काढ," ते म्हणाले.

तिने काढला. "त्या जागी काय लिहू?"

"कोणतं पाणी होतं, ते."

"ते माहीत नाही, सर."

बाहेरच्या बोळातून कुणीतरी हसत गेलं. 

"पाणी लाल झालं होतं," सर म्हणाले. "एवढं तरी लिहिता येईल."

"तसं तर सगळ्यांचंच होतं, सर," घासू म्हणाली. "पहिले काही तास."