खालच्या ओळीतला शब्द

वकिलीणबाईंच्या दाराआड भिंतीला टेकवून ठेवलीय ना, तीच मी पाटी. पत्र्याची, निळ्या रंगाची. येणाराजाणारा मला पाय लावून जातो. लावा बापडे. मला माझं काही नाही, घोर लागलाय तो ताईचा.

ताई माझी मालकीण. घरापासून लांब राबणाऱ्या माणसांचे पैसे ती त्यांच्या घरी पोचते करायची. शिवणकाम सोडून एकटीच्या हिमतीवर तिनं दुकान थाटलं. पेंटरनं माझ्यावर 'येथून घरी पैसे पाठवले जातात' असं ठसठशीत लिहिलं आणि मान तिरकी करून म्हणाला, खाली जागा उरलीय, मोकळी बरी नाही दिसत. 'परवानाधारक' टाकू का? जरा वजन येतं.

ताईनं भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. दुकान उघडायचा परवाना होता तो, शिक्क्यासकट. टाका की, आहे आपल्याकडे, ती म्हणाली. झालं! दुकानाचा परवाना वेगळा आणि लोकांचे पैसे पाठवायचा वेगळा, हे तिच्या गावीही नव्हतं. आणि मी मेली त्या शब्दावर काय मिरवले!

लोक मला वाचूनच आत यायचे. गवंडी, रखवालदार, धुणीभांडी करणाऱ्या बायका. चूक नको म्हणून आईचं नाव दोन दोनदा सांगायचे. ताई कधी वैतागली नाही.

मग एके दिवशी तपासणीचे साहेब आले. आधी माझा फोटो काढला, मग आत जाऊन परवाना मागितला. ताईनं फ्रेम काढून हातात दिली. साहेबांनी ती वाचली, परत दिली आणि म्हणाले, हा नव्हे. दुकानाला सील लागलं. वर फसवणुकीची नोटीस, का तर माझ्यावर तसं लिहिलंय म्हणून. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

तिनं वकिलांचे उंबरे झिजवले. एक जमिनीचे दावे चालवणारे निघाले, त्यांनी चहा पाजून हात वर केले. दुसरे म्हणाले, परवाना चुटकीसरशी काढून देतो. फी घेतली आणि फोनच उचलेनात. तिसऱ्यांनी तर कागदही पाहिले नाहीत. आधी ती पाटी पुसा, मग बोलू, म्हणाले.

ताईनं मला गच्चीवर नेलं. लेक म्हणत होती, आई, राहू दे ना. पण ऐकतंय कोण? थिनरमध्ये फडकं बुडवून ती घासत सुटली. रडत होती, मलाच शिव्या घालत होती. अगं, माझा फोटो गेलाय त्यांच्याकडे, हे मी तिला कसं सांगणार? शेवटी तीच दमून थांबली. खालच्या ओळीतलं 'परवाना' गेलं, 'धारक' तेवढं राहिलं.

या वकिलीणबाई लेकीनंच शोधून काढल्या. पैसे पाठवणाऱ्यांचेच परवाने काढून देतात त्या. त्यांनी फ्रेम पाहिली, पेंटरची हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, चूक समजण्यासारखी आहे, खऱ्या परवान्याचा अर्ज करू. कितीतरी दिवसांनी ताईच्या जिवात जीव आला. मग बाईंनी मला बघायला मागितलं.

"हे कुणी पुसलं?"

"मी."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "फोटो त्यांच्याकडे आहे, ताई. शब्द होता तसा राहिला असता तर चूक म्हणून सांगता आलं असतं. आता पुरावा लपवायला पुसला, असंच ते म्हणणार. परवान्याचं नंतर बघू. आधी तुम्हाला अटक होऊ नये एवढं बघू."

खुर्ची असून ताई जमिनीवरच बसली. लेकीनं तिचा हात धरून ठेवला होता.

उद्या मला साहेबांपुढे नेणार आहेत. बाईंनी माणसं लावली, पण पेंटरचा पत्ता लागत नाही. तुमच्यापैकी कुणी तिथे असलात तर पाया पडते, एवढं सांगा. हिनं लपवायला पुसलं नाही हो, घाबरून पुसलं. मला कोण विचारणार? साहेब माझ्यावर लिहिलेलंच वाचणार, आणि तेही आता निम्मंच उरलंय.