मिठाचं पाणी

माझी नात निशिगंधा दहावीला बसली त्या वर्षीच्या मार्चात माझा मुलगा कमलेश फोनच्या पडद्यावर पोट आत ओढून उभा होता. मागे शारजातली त्याची खोली, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. माझ्या सुनेने, जागृतीने, फोन माझ्यासमोर धरला होता.

"बघा बाबा, किती गेलंय?" त्याने विचारलं.

"श्वास सोड, मग सांगतो," मी म्हटलं.

जागृती हसली. त्याच्या खोलीत राहणारा कोपरीचा सुदेशही मागून हसला. कमलेशने श्वास काही सोडला नाही.

नऊ वर्षं तो तिथे इमारतींच्या गच्च्यांवरचे एसी दुरुस्त करत होता. त्या वर्षी कंपनीने नियम काढला. चाळिशी उलटलेल्या माणसाला गच्चीवर चढायचं असेल तर डॉक्टरच्या तपासणीत पास व्हायचं, नाहीतर घरी जायचं. कमलेश बेचाळीसचा. निशिगंधाची बारावी होईपर्यंत, अजून दोन वर्षं, त्याला तिथे टिकायचं होतं. म्हणून त्याने रात्रीचा भात सोडला, चौथ्या मजल्यावर जिन्याने जायला लागला, आणि कामाची बस यायच्या आधी पहाटे समुद्राकाठच्या रस्त्यावर तासभर चालायला लागला. तिथे पहाटेसुद्धा हवा भिजलेल्या गोणपाटासारखी अंगाला चिकटते, असं तो सांगायचा. तरी एक दिवस चुकवत नव्हता.

मे महिन्यात तपासणी झाली. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. वजन बरोबर भरलं होतं, पण रक्तदाब फार निघाला होता. डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, मीठ बंद करायला सांगितलं होतं आणि अठ्ठावीस ऑगस्टला पुन्हा बोलावलं होतं. तेव्हा नाही जमलं तर परतीचं तिकीट.

मी विचारलं, त्रास काय होतो. तो म्हणाला, दुपारी गच्चीवर घामाने शर्ट पिळून निघतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

हे दुखणं मला ठाऊक होतं. बाराव्या वर्षापासून मिठागर बंद पडेपर्यंत मी बाळकुमच्या खाडीकाठी मीठ ओढलं. वर ऊन आणि खाली पांढरंफटक मीठ, दोन्हीकडून भाजायचं. दहाच्या सुमाराला मुकादम पेजेचं मडकं आणून ठेवायचा, त्यात मीठ जिभेला टोचेल इतकं. नवा माणूस नाक मुरडायचा आणि दुपारी आडवा व्हायचा. त्याच्या तोंडात मिठाचं पाणी घातलं की थोड्या वेळाने उठून बसायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी स्वतः एकदाही पडलो नाही, आणि त्याचा मला गर्व होता.

"घामाने तुझ्या अंगातलं मीठ चाललंय," मी म्हटलं, "आणि तो उरलंसुरलं पण बंद कर म्हणतो. त्या डॉक्टरने कधी उन्हात काम केलंय कं?"

"पण बाबा, प्रेशर..."

"आमाला पण असंल. कोणी मोजलं?"

तो म्हणाला, "बरं."

लहानपणापासून तो मला बरं म्हणत आला. कामाला कुठे जायचं, लग्न कुठे करायचं, सगळ्याला बरं. बाळकुमात माझ्या वयाच्या माणसांची पोरं त्यांच्यावर ओरडतात. माझा कधी ओरडला नाही.

जूनमध्ये सुदेश सुट्टीवर आला होता. परत जाताना त्याच्याबरोबर घरून सुकट, आंबोशी आणि खडे मीठ गेलं. मी सांगून ठेवलं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, पाण्यात ढवळून.

जुलैत त्याचा समुद्राकाठचा फोटो आला. पोट खरंच गेलं होतं. खाली लिहिलं होतं, 'सहा किलोमीटर. चक्कर नाही.' अक्षरं मी म्हातारपणी नातीकडून शिकलो. ते शेवटचे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले आणि समोरच्या इमारतीतल्या वॉचमनलाही वाचून दाखवले.

ऑगस्टात सुदेशच त्याला पेटीतून घेऊन आला. मेंदूत रक्तस्राव, असं कागदावर होतं.

दहाव्याला माणसं जमली होती. सुदेशला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटेल असं काही सांगावं.

"काका, रोज पहाटे बाटलीत मीठ ढवळायचा. मी त्याला सरबतवाला म्हणायचो. तर म्हणायचा, माझ्या बापाने आख्खी जिंदगी उन्हात काढलीय, डॉक्टरपेक्षा त्याला जास्त कळतं. गोळ्या पण बंद केलेल्या त्याने. मीठ घ्यायचं आणि वर मिठाच्या विरुद्ध गोळी कशाला, म्हणायचा."

माणसांनी माना डोलावल्या. बापाला मानणारा मुलगा होता, असं कोणी म्हणालंही. मी सुनेकडे पाहिलं नाही.

नंतर मी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, नुसत्या मिठाने असं होत नाही, काका, गोळ्या सोडायला नको होत्या. मी विचारलं, त्याने गोळ्या कोणाच्या भरवशावर सोडल्या?

घरी जागृतीने ताट वाढलं. मी हात लावला नाही. तिने ओळखलं. माझ्यासमोर खाली बसली.

"बाबा, मिठाच्या पुड्या मी बांधल्या," ती म्हणाली. "डॉक्टर काय बोलला ते त्याने मला पण सांगितलेलं. मला तुमचं पटलं. तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका."

मग तिने माझा हात धरून ताटात ठेवला. आम्ही दोघं जेवलो.

निशिगंधा आता कॉलेजात जाते. मागच्या महिन्यात तिने विचारलं, पप्पा एवढे फिट होते, मग कसे गेले? जागृतीने माझ्याकडे पाहिलं. मी निशिगंधाला सगळं सांगितलं. ती उठून आतल्या खोलीत गेली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने चहा आणून दिला.

माझा मुलगा कमलेश रघु भोईर, राहणार बाळकुम, सोमवार दिनांक २१ ऑगस्ट २०२३ रोजी, नागपंचमीच्या पहाटे, शारजात समुद्राकाठच्या रस्त्यावर चालताना वारला.