दोन पंखांची माशी

पारावर एकशे बारा माणसं, सव्वीस काठ्या, फडक्याने तोंड बांधलेले दोन माठ आणि जगदेवच्या मुठीत एक दगड. मी दोनदा मोजलं.

१९३४चा कार्तिक. शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात जगदेवचा मुलगा तापाने गेला होता. त्याच्या विधवा भावजयीने, कस्तुराबाईने करणी केली, असं माठात मधमाश्या पाळणाऱ्या मोहोळबाबाने सांगितलं. निवाडा मधमाश्या करणार. डसल्या तर तिचे पुढचे दात पाडायचे. दात गेले की मंत्र फुटत नाही, अशी गावाची समजूत.

"देवाची माशी पुण्यवानाले चाटते, पाप्याले डसते!" असं गर्जून बाबाने डाव्या माठात कोपरापर्यंत हात घातला. आत घूं घूं वाढली. हात बाहेर आला तो तुकतुकीत. मनगटावरून उडालेली एक माशी मी रुमालात धरली.

"ह्या निवल्या," बाबा म्हणाला. "तिच्यासाठी ताज्या." त्याने उजवा माठ पुढे सरकवला.

जगदेवने कस्तुराबाईचा हात पिरगाळून आत कोंबला. ती किंचाळत राहिली.

"डसली! डसली!"

जगदेवने तिला केसांना धरून पाडलं. पहिल्या घावात ओठ फाटला. दगड पुन्हा वर गेला.

"थांब! ही मधमाशीच नाही!" मी रुमाल उंचावला.

"आमच्या मधात कायले येतं रे, बुकं वाचणाऱ्या?" एक काठी माझ्या खांद्यावर बसली.

फय्याज लोहाराने जगदेवचं मनगट आवळलं. "पाह्यले काय जाते, भौ? तिचे दात कुठं पळून राह्यले?"

"फय्याजभाई, हिचे पंख मोजा."

"दोन."

"आता उजव्या माठातली ही, कस्तुराबाईच्या हाताला चिकटून मेलेली."

"चार."

"मधमाशीला पंख चार, शिवाय नांगी. ही दोन पंखांची नुसती तिच्यासारखी दिसते. शेणाच्या डबक्यात वाढते, तिला नांगीच नाही. बाबाच्या झोपडीमागचं डबकं उपसा, लांब शेपटीच्या अळ्या निघतील."

"बाबा, टाका मंग हात उजव्या माठात," फय्याज म्हणाला.

"आज माझं व्रत..."

"आताच तं दुसऱ्यात टाकला!"

बाबा पळाला. चौघांनी त्याला फरफटत आणून हात आत दाबला. तो गुरासारखा हंबरला.

"यालेही डसली!" जगदेव ओरडला. "करणी यानंच केली! पाडा याचे दात!"

काठ्या बाबावर पडू लागल्या. मी बाही वर सारली, माझा हात त्याच माठात घातला आणि मोठ्याने दहापर्यंत मोजलं.

"आता माझेही दात पाडा."

काठ्या थांबल्या.

"मंग माह्यं पोरगं कायनं गेलं?" जगदेवने विचारलं.

"तापानं. मंगरूळच्या दवाखान्यात नेलं होतं?"

"नाही. बाबाकडं."

"माशीला पाप कळत नाही, जगदेव. तिला हात लागला की ती डसते. विचारायचं ते वैद्याला विचारा."

मग चिमट्याने मी नांग्या काढल्या. कस्तुराबाईच्या हातातून तेवीस, बाबाच्या एकोणीस, माझ्या एकवीस.