इंग्रजीतही मुंबईच

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. पण मला नुसता पत्रा म्हणाल तर मला राग येईल. माझ्या अंगात सहा इंग्रजी अक्षरं आरपार कापलेली आहेत. मला कापसाच्या गाठीवर ठेवून वरून काळ्या रंगाचा कुंचला फिरवला, की बारदानावर गाठ जायची त्या गावाचं नाव उमटतं. ते नाव आहे मुंबई. एम, यू, एम, बी, ए, आय. बॉम्बे नव्हे! लोक मला 'चुकलेला छाप' म्हणतात. माझी हकिगत ऐका आणि कोण चुकलं ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म धरणगावचा, १९३१ सालातला. गनी पत्रेवाल्याच्या दुकानात मी जन्मलो. गावातल्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, बादल्या, तेलाचे डबे, पन्हाळी, सगळं काम गनीकडे असे आणि त्यावरच त्याची चूल पेटे. जिनाचा जुना छाप बॉम्बेचा होता, बाहेरून आणलेला. त्याच्या 'ओ'च्या पोटातला तुकडा गळून पडला आणि गाठींवर अक्षराऐवजी नुसता काळा डाग उमटू लागला. तेव्हा जिनाचे मॅनेजर रुपचंदनाना धावतपळत दुकानात आले.

"गनी, आमले ममईना छाप पाहिजे. गाठी बठ्ठ्या तयार शेतस. आजच करी दे!"

आमच्या खानदेशात मुंबईला ममई म्हणतात. गनीला इंग्रजी अक्षरं येत होती. नानांच्या ममईची त्याने नीट मुंबई केली आणि छिन्नी हातात घेतली. 'बी' आणि 'ए' यांची पोटं गळू नयेत म्हणून त्याने मध्ये बारीक पट्ट्या राखल्या, कडा कानशीने घासल्या. मी देखणा झालो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

जिनात गाठींवर छाप मारायचं काम सुंदरबाईंचं. त्यांनी मला पहिल्या गाठीवर ठेवलं, कुंचला फिरवला आणि उचललं. काय ठसठशीत अक्षरं उमटली! माझा आनंद गगनात मावेना. एवढ्यात नाना आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"हाई काय करं? इंग्रजीमा मुंबई नही ऱ्हास!"

"मंग कुठे ऱ्हास, नाना?" सुंदरबाईंनी भोळेपणाने विचारलं, जणू मुंबई दुसरीकडे कुठे राहायला गेली असावी. आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. त्यामुळे नाना आणखीच भडकले. त्या गाठीवरची अक्षरं त्यांनी काळ्या रंगाने बुजवायला लावली आणि मला गनीपुढे आदळलं. सकाळपर्यंत बॉम्बे कापून दे, नाहीतर जिनाचं काम विसर, असं बजावून ते निघून गेले.

गनी मला घेऊन घरी आला. त्याने मला ऐरणीवर आडवं केलं आणि छिन्नी टेकवली. माझ्या अंगातून दोन कंदिलांचे तळ निघणार होते. मित्रांनो, मी फार घाबरलो. पण त्याहून जास्त मला चीड आली. नाव खरं, अक्षरं खरी, मग शिक्षा कसली?

तेवढ्यात गनीची बायको मेहरुन बाहेर आली. ती मुंबईची, कोकणी मुसलमानांच्या घरातली, म्हणून तिची बोली मराठीच.

"अहो, ते कशाला तोडताय?"

"चूक झाली. इंग्रजीत बॉम्बे म्हणतात."

"इंग्रजीत तुम्हाला काय म्हणतात?"

"गनीच."

"आणि धरणगावला?"

"धरणगावच."

"मग माझ्याच माहेराला दुसरं नाव कशाला?"

"जिनाचं काम जाईल, मेहरुन," तो हळूच म्हणाला. घरात दुसरी मिळकत नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिने त्याच्या हातातून छिन्नी काढून घेतली आणि मला उचललं.

सकाळी नाना आले, तर दुकानाच्या दारावर माझी ओली अक्षरं चमकत होती आणि पुढे मेहरुन उभी होती, हातात कुंचला घेऊन.

"बाई, हाई इंग्रजी चुकेल शे," नाना म्हणाले.

"चुकलं ते तुमचं इंग्रजी, नाना. माझं माहेर चुकलेलं नाही."

जिनाचं काम गेलं ते गेलंच. नानांनी दुसऱ्या गावाहून बॉम्बेचा छाप आणला. गनी बाजारात बसून नरसाळी विकू लागला. त्या घराने पुष्कळ ओढाताण सोसली, पण मला कोणी मोडीत घातलं नाही.

आता १९४७ साल उजाडलं आहे. साहेब निघाला, तरी जिनातल्या गाठींवर अजून बॉम्बेच छापतात. मी गंजलो आहे. मला तेल लावा, कोरड्या जागी ठेवा, एवढं केलंत तर उपकार होतील. नाही केलंत तरी मी रडणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या गावाचं नाव इंग्रजीत बसत नाही असं कोणी सांगू लागलं, तर नाव कापू नका. इंग्रजीला म्हणावं, जरा सरकून बस.