तापाची रजा

थोरलीने सरकारच्या नदीखात्यात केस पांढरे केले ते एकाच नियमापायी: कारखान्याचं सांडपाणी तपासायचं ते नळाच्या तोंडाशी, जिथून ते नदीत पडतं तिथेच. आता मोठ्या साहेबांना ती जागा खाली पुलाजवळ न्यायची होती. तिथपर्यंत घाण नदीत विरते, मग कारखाना धुतल्या तांदळासारखा!

त्यावर सही लागणार थोरलीची. ती देईना.

"नकाच करू सही, मॅडम," साहेब गोडीत आले. "दोन दिवस रजा घ्या. रजेवरच्या माणसाची सही त्याच्या खालचा करतो, ही तर आपली रीतच. तुमचे हात स्वच्छ, आणि संचालकाची खुर्चीही तुमचीच."

खालचा म्हणजे होयबा. साहेब शिंकले तरी 'अगदी बरोबर' म्हणणारा.

घरी आईने ऐकलं आणि चमचा आपटला. "दूध नासलंय का ते पातेल्यात बघतात, की विहिरीत ओतून? आणि खुर्चीचं कसलं कौतुक? घरात चार पडल्यात!"

"नाहीच घेत रजा," थोरली म्हणाली.

पण नशीब बघा. सकाळी उठली तीच तापाने फणफणत. आईने कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "झोप मुकाट्यानं."

"आज झोपले तर होयबाचं फावलं, आई."

शाल गुंडाळून, जिन्याचा कठडा धरत ती कचेरीत पोचली आणि आपल्या खुर्चीत बसली. होयबाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

साहेब आले. तिला बघून त्यांचा चेहरा मात्र उजळला.

"अरेरे, मॅडम, केवढा हा ताप! असं अंगावर काढतात होय? गाडी बोलवा रे! आठवडाभर सक्तीची रजा."

"आधी फाईल द्या. नकार लिहिते, मग जाते."

"आधी तब्येत! फाईल कुठे पळून जातेय?"

कोणी पाणी आणलं, कोणी पिशवी उचलली, कोणी दंड धरला. एवढी माया तिला अख्ख्या नोकरीत मिळाली नव्हती. मायेनेच ढकलत तिला गाडीत कोंबलं. फाटकातून तिने मागे वळून पाहिलं, तर वरच्या खिडकीत होयबा तिच्याच खुर्चीत बसून पेनाचं टोपण काढत होता.

आईने कपाळावर ओली पट्टी ठेवली. "झाली सही?"

"झाली असेल."

"मेल्यांनी तापाचंही सोनं केलं!"

"बरी झाले की जाणार, आई. पुन्हा पहिल्यापासून मांडणार सगळं."

"मांड बाई. पण पांढरे करायला आता काळे केस उरलेत कुठे?"

थोरलीने गरम झालेली पट्टी उलटी केली आणि पुन्हा कपाळावर दाबली.