ताईच्या हातचं न्हाणं

माझी धाकटी मावशी शिवणकाम करायची. कॉलेजात असल्यापासून तिच्या डोक्यात कोंडा. कोणी तेल सांगितलं, कोणी लिंबू. तिने सगळं करून पाहिलं. खाज सुटली की मशीन थांबवून ती करकरा डोकं खाजवायची. पन्नाशीपर्यंत तिची मनगटाएवढी वेणी करंगळीएवढी झाली. शेवटी माझ्या आईने, म्हणजे तिच्या ताईने, तिला धरून त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

“टाळूला सूज आहे आणि वर तुम्ही खाजवता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सूज उतरली की गळणं कमी होईल. पण गेलेले सगळे केस परत येतील, असं नाही.”

त्यांनी औषधी शांपू दिला. फेस थोडा वेळ डोक्यावर राहू द्यायचा होता.

रविवारी आईने मावशीला बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं. “डोळे मीट गं, फेस जाईल.”

मावशीला हसू फुटलं. “लहानपणीही हेच म्हणायचीस आणि वर धपाटा घालायचीस.”

“तू हलायचीसच तेवढी! नुसते केस भिजवायला बादलीभर पाणी लागायचं.”

“आता मगभर पुरतं,” मावशी म्हणाली.

आईने हलक्या हाताने फेस चोळला. मग दोघी रिबिनींवरून झालेली जुनी भांडणं उकरून काढत बसल्या, आणि फेस डोक्यावरच वाळायला आला.

दोन-तीन महिन्यांत खाज थांबली. वेणी मात्र तेवढीच राहिली. मावशी अजूनही रविवारी टॉवेल खांद्यावर टाकून येते आणि दारातूनच विचारते, “ताई, पाणी तापलं का गं?”